हातचा एक
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

शाळा सुरू होण्याचे दिवस होते. धरमपेठेतल्या एका वह्या-पुस्तकांच्या दुकानात मी सातवीतल्या भाचीला घेऊन उभा होतो. गर्दी भरपूर, दुकानदार बिलांमध्ये बुडालेला. भाचीने काउंटरवरचा मोठा कॅल्क्युलेटर हळूच आपल्याकडे ओढला. एकाचे बटण नऊ वेळा दाबले, मग गुणिले, पुन्हा नऊ वेळा एक, आणि शेवटी बरोबरचे चिन्ह. काचेच्या कोपऱ्यात ‘ई’ हे अक्षर उमटले. म्हणजे एरर. उत्तर यंत्रात मावत नव्हते.

“मामू, मशीन हरलं!” ती म्हणाली.

“मशीन हरू दे. तू घरी जाऊन कागदावर कर.”

तिने खरेच केले. नव्या वहीच्या शेवटच्या पानावर एकाखाली एक नऊ ओळी मांडल्या, बेरीज केली आणि पान घेऊन धावत आली. चेहऱ्यावर आनंद कमी, शंका जास्त. “मामू, हे उलटं वाचलं तरी तेच येतंय. माझं काही चुकलं का?”

उत्तर असे होते : १२३४५६७८९८७६५४३२१.

तिचे चुकले नव्हते. पण तिचा प्रश्न मला फार आवडला. एखादी गोष्ट इतकी रेखीव निघाली की आपल्याला संशय येतो. हा योगायोग असेल, नाहीतर चमत्कार, नाहीतर आपली चूक. आज मी या एकाच संख्येबद्दल बोलणार आहे. ती योगायोग नाही, चमत्कारही नाही. मग ती काय आहे?

रेडिओवर आकडा दाखवता येत नाही, वाचावा लागतो. आणि सतरा अंकी आकडा वाचायचा कसा? लाख, कोटी, अब्ज इथपर्यंत आपली मजल जाते. पुढची नावे हवी असतील तर भास्कराचार्यांकडे जावे लागते. त्यांच्या ‘लीलावती’त, म्हणजे ११५० च्या सुमाराच्या ग्रंथात, एकापासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावे आहेत. त्यांच्या घराण्याची हकिकत सांगणारा शिलालेख आपल्याच महाराष्ट्रात, चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे. आणि ‘लीलावती’ फारसीत नेली ती १५८७ मध्ये अकबराच्या दरबारातल्या फैजीने. तो पेशाने गणिती नव्हता. तो कवी होता, हे मला इथे मुद्दाम सांगावेसे वाटते.

त्या नावांनी ही संख्या वाचली तर अशी ऐकू येते : एक मध्य, दोन अंत्य, तीन जलधी, चार शंकू, पाच महापद्म, सहा निखर्व, सात खर्व, आठ अब्ज, नऊ अर्बुद. हे शिखर झाले. आता उतार : आठ कोटी, सात प्रयुत, सहा लक्ष, पाच अयुत, चार सहस्र, तीन शत, दोन दश, एक.

मोठ्याने म्हणून पाहा. एक डोंगर चढून उतरल्यासारखे वाटते.

दोन गाड्यांची भेट

हा डोंगर तयार कसा होतो? त्यासाठी गणिताची पदवी लागत नाही, रेल्वेचा फलाट पुरतो. नऊ-नऊ डब्यांच्या दोन गाड्या शेजारच्या रुळांवरून एकमेकींना ओलांडत आहेत असे समजा. इंजिने सोडून द्या. सुरुवातीला एकीचा पहिला डबा दुसरीच्या पहिल्या डब्यासमोर येतो : समोरासमोर एक जोडी. गाड्या एका डब्याएवढ्या सरकल्या की दोन जोड्या. मग तीन, चार. असे करत एका क्षणी नऊच्या नऊ डबे समोरासमोर. त्यानंतर आठ, सात, सहा, आणि शेवटी दोघींचे शेवटचे डबे एकमेकांचा निरोप घेतात. पुन्हा एक.

नऊ एकांना नऊ एकांनी गुणताना कागदावर हेच घडते. प्रत्येक ओळीत नऊ एक असतात आणि प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा एक घर डावीकडे सरकते. एककाच्या घरात एकच एक उरतो, दशकाच्या घरात दोन, शतकाच्या घरात तीन. नवव्या घरात नऊ एक जमतात आणि पुढे ते कमी होत जातात. बेरीज म्हणजे प्रत्येक घरातले एक मोजणे, बस. म्हणून उत्तरात चढण आहे आणि उतरणही आहे. उलट वाचले तरी तेच येते, कारण दोन गाड्यांची भेट कोणत्याही टोकाकडून पाहिली तरी सारखीच दिसते.

आता या संख्येचे सगळे अंक मिळवा. बेरीज येते ८१, म्हणजे नऊ नव्वे एक्क्याऐंशी. हेही आपोआप झालेले नाही. एका गाडीचा प्रत्येक डबा दुसरीच्या प्रत्येक डब्याला एकदा आणि एकदाच भेटतो. एकूण भेटी नऊ गुणिले नऊ. त्याच भेटी अंकांच्या रूपाने या संख्येत वाटून ठेवलेल्या आहेत.

आणखी एक गंमत. नऊ वेळा नऊ लिहा : ९९९९९९९९९. त्याला त्यानेच गुणा आणि येईल त्याला त्याच ८१ ने भागा. पुन्हा आपला डोंगर हजर. कारण सरळ आहे. नऊ नवांची संख्या नऊ एकांच्या संख्येच्या नऊपट आहे. तिचा वर्ग म्हणून ८१ पट झाला. ८१ ने भागले की मूळ वर्ग उरला.

देवळालीचे मास्तर

या घराण्याच्या संख्यांना नाव दिले ते एका मराठी शाळामास्तरांनी. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणूला झाला. शिक्षण ठाण्यात आणि पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात. १९२९ मध्ये बी.एस्सी. झाले आणि १९३० पासून १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत नाशिकजवळच्या देवळालीत शिक्षक राहिले. पदवीच्या पुढचे शिक्षण नाही, विद्यापीठातली जागा नाही. हाताशी कागद, पेन्सिल आणि संख्यांचे वेड.

मुंबईहून सुमारे तीस मैलांवरच्या डेम्लो स्टेशनवर, म्हणजे आजच्या डोंबिवलीला, त्यांना काही संख्यांचा अभ्यास करायची कल्पना सुचली. म्हणून त्यांनी त्यांना ‘डेम्लो संख्या’ म्हटले. १६५ ही तशी एक. दोन टोकांच्या १ आणि ५ ची बेरीज ६, आणि मधे ६. २५५३ मध्ये टोकांची बेरीज ५, आणि मधे दोनदा ५. ४७७७३ मध्ये टोकांची बेरीज ७, मधे तीनदा ७. आपल्या डोंगराच्या जातीच्या, म्हणजे १, १२१, १२३२१ अशा वाढत जाणाऱ्या वर्गसंख्यांना त्यांनी ‘अद्भुत डेम्लो संख्या’ म्हटले आणि १९३८ मध्ये ‘द मॅथेमॅटिक्स स्टुडंट’ या नियतकालिकात त्यांवर लिहिले. जगातले लोक आपल्या शोधांना राजांची आणि देवांची नावे देतात. या माणसाने लोकल गाडीच्या एका स्टेशनाचे नाव दिले.

कापरेकरांना जग ओळखते ते ६१७४ या संख्येमुळे. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लिहा, त्यातून चढत्या क्रमाने लिहिलेली संख्या वजा करा आणि उत्तरावर पुन्हा तेच करा. जास्तीत जास्त सात वेळांत ६१७४ येते आणि तिथेच थांबते. आपण नागपूरकर आहोत, तर बख्त बुलंद शाहने नागपूर वसवले ते १७०२ साल घेऊ. ७२१० वजा ०१२७ म्हणजे ७०८३. ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. तीन पावलांत पोचलो. १९७५ मध्ये अमेरिकेच्या मार्टिन गार्डनर यांनी आपल्या लोकप्रिय सदरात कापरेकरांबद्दल लिहिले आणि देवळालीचे मास्तर जगाला कळले. तोवर त्यांनी सत्तरी गाठली होती. १९८६ मध्ये ते गेले.

दहावा डबा

आता माझ्या भाचीकडे परत येऊ. नऊ एक जमले म्हटल्यावर तिने दहा एक घेतले. तिला वाटले, डोंगर आणखी उंच होईल. उत्तर आले १२३४५६७९००९८७६५४३२१. ती हिरमुसली. “मामू, बिघडलं!”

बिघडले ते एका जुन्या, ओळखीच्या गोष्टीमुळे. ती आपण पहिलीत शिकतो आणि पुढे जन्मभर विसरून वापरतो. ती म्हणजे हातचा. मधल्या घरात आता दहा जोड्या जमल्या. पण एका घरात नवापेक्षा मोठा अंक बसत नाही. म्हणून तिथे शून्य लिहिले आणि हातचा एक डावीकडे गेला. डावीकडे आधीच नऊ बसलेला होता, त्याचे दहा झाले. पुन्हा शून्य, पुन्हा हातचा एक. त्याच्या डावीकडे आठ होता, त्याचा नऊ झाला. तिथे गडबड थांबली. नीट पाहिले तर उजवा उतार जसाच्या तसा आहे. मोडतोड फक्त शिखरावर आणि त्याच्या डाव्या अंगाला, कारण हातचा कधी उजवीकडे जात नाही.

अंकांची बेरीजही बघा. डब्यांच्या भेटी झाल्या शंभर, पण अंकांची बेरीज भरते ८२. अठरा कुठे गेले? प्रत्येक वेळी दहा देऊन आपण शेजारच्या घरात एक ठेवला, म्हणजे बेरजेतून नऊ गेले. दोन हातचे, दोन वेळा नऊ. हिशोब पैशापर्यंत जुळतो. शाळेत आपण नवाची कसोटी शिकलो, अंकांची बेरीज करून नऊने भाग जातो का ते पाहायचे. तिचे मूळही इथेच आहे. हातच्यामुळे अंकांची बेरीज बदलली तरी ती नऊ-नऊनेच बदलते.

आता त्या बिघडलेल्या उत्तराचा डावा भाग पुन्हा वाचा : १२३४५६७९. आठ गायब आहे. अनेकांना हा आकडा लहानपणीच्या जादूतून आठवत असेल. १२३४५६७९ ला ९ ने गुणले की नऊ एक, १८ ने गुणले की नऊ दोन, २७ ने गुणले की नऊ तीन. पण आठ का नाही, हे जादू दाखवणारा कधी सांगत नसे. एकाला ८१ ने भागा. ०.०१२३४५६७९०१२३४५६७९ असे न संपणारे उत्तर येते. एक भागिले नऊ म्हणजे ०.१११ आणि पुढे अखंड एक. एक भागिले एक्क्याऐंशी म्हणजे अशा दोन अखंड गाड्यांची भेट. घरांमध्ये एक, दोन, तीन, असे आठ, नऊ, दहा, अकरा जमत जातात. दहाचा हातचा नवावर येतो, नवाचे दहा होतात, त्याचा हातचा आठावर येतो आणि आठाचा नऊ होतो. आठ हरवलेला नाही. हातच्याने त्याला बढती दिली आहे. आणि आपली मूळ संख्या? ती १२३४५६७९ गुणिले ९९९९९९९९९ इतकीच आहे. म्हणजे जो डोंगर अखंड दिसतो, त्याच्या पोटात हा आठ नसलेला आकडा दडलेला आहे.

भाषांतरात काय हरवते

इथे एक गंभीर आक्षेप येतो आणि तो टाळून चालणार नाही. रामानुजनला केंब्रिजला नेणारे थोर गणिती हार्डी यांनी १९४० च्या आपल्या छोट्या पुस्तकात अशा अंकांच्या गमतींची उदाहरणे दिली. ८७१२ ही २१७८ च्या चौपट आहे, म्हणजे आपल्याच उलट्या रूपाच्या चौपट. ९८०१ ही १०८९ च्या नऊपट आहे. हार्डींचे मत असे की हे कोड्यांच्या सदरात शोभेल, खऱ्या गणितात त्याला वजन नाही. आपल्याकडेही काही गणितज्ञांनी कापरेकरांचे काम हलके मानले ते याच कारणाने.

आक्षेपात तथ्य आहे. डोंगर संख्येत नाही, तो आपल्या लिहिण्यात आहे. आपल्याला दहा बोटे आहेत म्हणून आपण दहाच्या गटाने लिहितो. बाबिलोनचे लोक साठाच्या गटाने लिहीत. संगणक दोनच्या गटाने लिहितो, फक्त शून्य आणि एक वापरून. त्याच्या लिपीत ही संख्या चोपन्न अंकांची होते आणि तिथे ना चढण दिसते ना उतरण. एक्सेलच्या तक्त्यात ती टाकून बघा. ते पंधरा अंकच नेमके ठेवते आणि शेवटच्या दोन घरांत शून्ये भरून मोकळे होते : १२३४५६७८९८७६५४३००. उतारावरची शेवटची दोन पावलेच कापली जातात. कागदावर सातवीतल्या मुलीने केलेले उत्तर मात्र शेवटच्या एकापर्यंत बरोबर.

पण मी कवितेच्या गावचा माणूस आहे आणि हा आक्षेप मला ओळखीचा वाटतो. लहानपणी आपण सगळ्यांनी ‘चिमा काय कामाची’ हे उलटसुलट वाचले आहे. त्याचे इंग्रजी करा, त्यात काही उरत नाही. यमक भाषेत राहते, अर्थात नाही, आणि भाषा बदलली की ते मरते. म्हणून यमक खोटे ठरते का?

गझलेकडे बघा. फारसीतला काफिया उर्दूत जसाच्या तसा येऊ शकला नाही, उर्दूतला मराठीत नाही. शब्द मागेच राहिले. पण काफियाचा आणि रदीफचा कायदा आला. तो कायदा पाळून सुरेश भटांनी मराठी शब्दांची मराठी गझल उभी केली. यमकाचे भाषांतर होत नाही, यमकाच्या नियमाचे होते.

आपल्या डोंगराचेही तसेच आहे. आठ बोटांच्या माणसांचे जग असते तर त्यांनी आठाच्या गटाने मोजले असते. त्यांचा सर्वांत मोठा अंक सात. त्यांच्या शाळेतल्या मुलीने सात एकांना सात एकांनी गुणले असते आणि तिला १२३४५६७६५४३२१ मिळाले असते. आठ एक घेतल्यावर तिचाही डोंगर मोडला असता. बारा बोटांच्या जगात तो अकरा एकांपर्यंत टिकला असता. शिखराची उंची बोटांवर ठरते, दोन गाड्यांची भेट ठरत नाही. प्रत्येक डबा प्रत्येक डब्याला एकदाच भेटतो, आणि हातचा येईपर्यंत ती भेट जशीच्या तशी कागदावर दिसते. हार्डींनी काफिया मोजला. माझ्या मते कापरेकर कायद्याच्या वासावर होते.

आणि खेळातून कठीण प्रश्नही निघतात. नुसत्या एकांनी लिहिलेल्या संख्यांपैकी मूळ संख्या कोणत्या, म्हणजे स्वतःशिवाय आणि एकाशिवाय कशानेही भाग न जाणाऱ्या? ११ आहे. १११ नाही, ती ३ गुणिले ३७. आपली नऊ एकांची संख्याही नाही, तिला ९ ने भाग जातो. ११ नंतर थेट एकोणीस एकांची संख्या मूळ निघते, मग तेवीस एकांची, मग एकदम ३१७ एकांची. १०३१ एकांची संख्या मूळ असल्याचे १९८६ मध्ये सिद्ध झाले. अशा संख्या कधी संपतात की अनंत आहेत, हे आजवर कुणालाही सिद्ध करता आलेले नाही. वहीच्या शेवटच्या पानावरून निघालेली वाट थेट तिथे जाते.

एक शेवटचे. माझ्या लहानपणी घरातल्या पेटीत ७८६ ने संपणारी एक नोट जपून ठेवलेली होती. शेजारच्या घरी १०८ मण्यांची माळ होती. त्या आकड्यांना जो मान आहे तो माणसांच्या श्रद्धेने दिलेला आहे आणि मी तो मान ठेवतो. पण आज सांगितलेल्या संख्येला कुणाच्या श्रद्धेची गरज नाही. ती शुभ नाही, अशुभ नाही, कुणाचे नशीब उघडत नाही. तिचे रहस्य पुरते सांगून झाले आहे, तरी ती मला अजून सुंदर वाटते. उलट हातचा कळल्यापासून जास्तच.

भाचीला मी आठ बोटांच्या जगातला गुणाकार करायला दिला आहे. सातात एक मिळवला की तिथे १० लिहायचे, हे तिला पटायला दोन दिवस लागले. सध्या तिने त्या जगाचे पाढे लिहायला घेतले आहेत. परवा तिने मला विचारले, “मामू, त्यांच्याकडे पण हातचाच म्हणत असतील का?”

मी म्हटले, “नाव माहीत नाही. पण घेत असतील नक्की.”